सात भाऊ, एकच भूत

ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलकडे जाणाऱ्या रस्त्याला दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळून कैक वर्षं झाली, पण सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस आजही 'लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो' असंच सांगतो. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या फतेहचंद रामसिंघानी यांनी याच रस्त्यावर रेडिओचं दुकान थाटलं. कराचीतल्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला आडनाव पेलेना, म्हणून ते तिथेच 'रामसे' झाले, असं घरचे सांगत. आसपास मिनर्व्हा, स्वस्तिक, इम्पीरिअल, नाझ ही थिएटरं आणि नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या. अशा शेजारात रेडिओवाल्याला सिनेमाचा नाद लागला नसता तरच नवल.

'रुस्तम सोहराब' (1963) हा त्यांचा मोठा डाव. पृथ्वीराज कपूर, सुरैयाचा शेवटचा चित्रपट, आणि दिग्दर्शक विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण' कादंबरीचेच बेडेकर. पुढे 1970 साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपटही रामसेंनी त्यांच्याच हाती सोपवला. तो आपटला. मात्र त्यात पृथ्वीराज भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात तो प्रसंग आला की थिएटर सावरून बसे. तुलसी आणि श्याम या मुलांनी हे हेरलं आणि वडिलांच्या मागे लागले: अख्खा चित्रपटच असा करू. मराठी कादंबरीचा अभ्यास करणारे बेडेकरांची ही बाजू सहसा सांगत नाहीत. बेडेकरांना स्वतःला ती सांगण्यासारखी वाटली असती की नाही, देव जाणे.

मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुमार लेखन पाहणार, किरण ध्वनी, गंगू कॅमेरा, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची धावपळ, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. शिक्षण म्हणजे जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक; वडिलांनी मुलांना काश्मीरच्या हाउसबोटीत नेऊन त्याची पारायणं करवली. 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित झाला. सगळं कुटुंबच तिथे मुक्कामाला होतं आणि युनिटचं जेवण घरच्याच बायका करत. मोठे नट नाहीत, स्टुडिओचं भाडं नाही, त्यामुळे नाव जेमतेम असूनही पैसे सुटले.

रामसेंच्या कामात मला सर्वांत जास्त रस वाटतो तो या एका चुलीत. भयपट अनेकांनी मिळून केला की तो कमीजास्त होतो, हा अनुभव जगभरचा आहे. ब्रिटनमधल्या ईलिंग स्टुडिओचा 'डेड ऑफ नाइट' (1945) चार दिग्दर्शकांनी केला. त्यातली कावाल्कांतींची बोलक्या बाहुलीवाल्याची गोष्ट आणि रॉबर्ट हॅमर यांची आरशाची गोष्ट आजही अंगावर येते. गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट मात्र मध्येच कुणीतरी विनोद सांगावा तशी. अमेरिकेतल्या वितरकाने दोन गोष्टी सरळ कापल्या आणि त्यांतली माणसं शेवटी अचानक उगवू लागली, कारण सगळ्यांना बांधणारी गोष्ट त्यांच्यावरही उभी होती. 2012 च्या 'द एबीसीज ऑफ डेथ'मध्ये तर इंग्रजीच्या 26 अक्षरांसाठी 26 गोष्टी आणि दोन डझनांहून अधिक दिग्दर्शक! तिथे समतोलाची अपेक्षाच करू नये.

रामसेंकडेही हात अनेक होते, पण कॅमेरा गंगूचाच आणि शेवटचा शब्द वडिलांचा. त्यामुळे 'दरवाजा' (1978), 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना' (1988) यांचं धुकं, कुरकुरणारी दारं आणि हिरवा-निळा प्रकाश एकाच घरातला वाटतो. उंची फार नाही, पण एकसारखी.

एकसारखी म्हणताना जरा अडखळायला होतं. 'पुराना मंदिर'मध्ये सामरी हा राक्षस पडद्यावर असतो तेव्हा चित्रपट जोरात असतो. अनिरुद्ध अगरवाल यांची उंची आणि चेहरा यांवरच अर्धी लढाई जिंकलेली. मग जगदीप येतात आणि 'शोले'चं विडंबन सुरू होतं. मग गाणं. मग नायकाची मारामारी. म्हणजे प्रत्येक रामसेपट हा खरं तर चार गोष्टींचा जुडगाच असे, आणि त्यातली एकच गोष्ट भुताची. पब्लिकला हे पाठ होतं. जगदीप आले की बिडी ओढायला बाहेर जायचं आणि दाराची कुरकुर ऐकू आली की परत यायचं. विषमता होती, पण तिचं वेळापत्रक ठरलेलं होतं.

'बंद दरवाजा' (1990) च्या आसपास चूल वेगळी होऊ लागली. केशू यांनी आधीच 'डाक बंगला' (1987) स्वतंत्रपणे केला होता. पुढे ते अक्षय कुमारच्या 'खिलाडी'पटांकडे वळले. किरण यांनी 'शैतानी इलाका' दिग्दर्शित केला. माणसं तीच, मालमसाला तोच, पण चित्रपटाचित्रपटांत फरक दिसू लागला. 1993 साली झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' आला आणि तुलसी-श्याम दर आठवड्याला घराघरांत भूत पाठवू लागले. इथे गोष्टी वेगवेगळ्या होत्या आणि पुढच्या आठवड्याची घाईही होती. काही गोष्टी आजही लोकांना आठवतात, बाकीच्यांचं फक्त शीर्षकगीत आठवतं.

रामसेंच्या घराबाहेरून आलेला पुढचा मोठा प्रयोग निर्माते राम गोपाल वर्मांचा. 'डरना मना है' (2003) मध्ये सहा गोष्टी होत्या आणि दिग्दर्शक एकटे प्रवाल रामन. तरीही हॉटेलात सिगारेट ओढू न देणाऱ्या बोमन इराणींची गोष्ट कुठच्या कुठे, आणि सफरचंदांची कुठे! 'डरना जरूरी है' (2006) मध्ये सात दिग्दर्शक आले: साजिद खान, जे. डी. चक्रवर्ती, मनीष गुप्ता, जिजी फिलिप, विवेक शाह, रामन आणि स्वतः वर्मा. अमिताभ बच्चन आणि रितेश देशमुख यांची गोष्ट वर्मांची. चित्रपट चालला नाही.

दोन्ही शेजारी ठेवले की दिग्दर्शकांची संख्या वाढली म्हणून घसरण झाली, हे काही पटत नाही. भुताची छोटी गोष्ट शेवटच्या मिनिटावर उभी असते. दोन तासांच्या चित्रपटात एक धक्का फुसका निघाला तर पुढचा सावरून घेतो. पंधरा मिनिटांच्या गोष्टीत धक्का एकच. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यांची कथा शेवटच्या परिच्छेदात पलटी खाते, आणि तो परिच्छेद काढला तर हातात दादरच्या एखाद्या कुटुंबाची साधी हकिगत उरेल. शिवाय अशा जुडग्यात नापास गोष्ट फेकून देणारा कुणीतरी लागतो. नामवंत दिग्दर्शक पाहुणे म्हणून बोलावल्यावर 'तुमची गोष्ट जमली नाही' हे कोण कुणाला सांगणार? लॅमिंग्टन रोडवर ते बाप सांगत असे.

तुलसी डिसेंबर 2018 मध्ये गेले, श्याम सप्टेंबर 2019 मध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच, 1 जानेवारी 2020 रोजी, नेटफ्लिक्सवर 'घोस्ट स्टोरीज' आला: झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर. झोयांच्या गोष्टीत सुरेखा सिक्री आहेत आणि त्यांच्या नुसत्या असण्यानेच खोली गार पडते. दिबाकरांची गोष्ट माणसं खाणाऱ्यांच्या गावाची, चौघांत सर्वांत धीट. भुताच्या आडून ती राजकारण बोलते आणि तरी भीती सोडत नाही. जोहरांच्या गोष्टीतलं घर इतकं चकाचक आहे की भुताला तिथे पाऊल टाकायला संकोच वाटावा. प्रेक्षकाला आता बिडीसाठी बाहेर जावं लागत नाही. तो खालची लाल रेघ बोटाने पुढे सरकवतो आणि थेट दिबाकरांच्या गावात उतरतो.