चाळिशीचा चष्मा घालवायला डोळ्यातलं भिंग बदलावं का? रिफ्रॅक्टिव्ह लेन्स एक्स्चेंज सोप्या भाषेत

माझे मामा कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करतात. वय ४९. दिवसभर चलनं, काट्याच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे भाव वाचायचे आणि आठवड्यातून एकदोनदा रात्री एक्स्प्रेसवेने पुण्याला गाडी न्यायची. दूरचा नंबर प्लस दीड, आणि वाचायला त्यावर आणखी प्लस दोन. चष्म्याला ते कंटाळलेत. मागच्या महिन्यात मुंबईतल्या एका सेंटरमधून ते तीन पॅकेजचा कागद घेऊन पनवेलला आमच्याकडे आले. बेसिक, प्रीमियम, प्रीमियम प्लस. "तू इंजिनिअर आहेस ना, यातलं कुठलं घेऊ ते सांग."

मी डॉक्टर नाही, त्यामुळे "हे घ्या" असं सांगणं माझं काम नाही. पण कागद वाचताना एक गोष्ट खटकली. लेन्सचं नाव होतं, किंमत होती, "चष्म्यापासून मुक्ती" असंही लिहिलं होतं. मामा रात्री गाडी चालवतात का, हे मात्र त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. हा प्रश्न इतका महत्त्वाचा का आहे, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

चाळिशी म्हणजे नेमकं काय होतं?

डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातली सुमारे ४३ पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची. बाकीची आतल्या भिंगाची. कॉर्निया फोकस बदलत नाही. जवळचं पाहताना आतलं भिंग फुगतं आणि शक्ती वाढवतं. हा आपला ऑटोफोकस.

वयाबरोबर हे भिंग कडक होत जातं. किमान किती फोकस क्षमता उरते याचा एक जुना ठोकताळा आहे, हॉफस्टेटरचा: वयाला ०.२५ ने गुणा आणि उत्तर १५ मधून वजा करा.

- २० व्या वर्षी: १० डायॉप्टर
- ४४ व्या वर्षी: ४ डायॉप्टर
- ४९ व्या वर्षी: २.७५ डायॉप्टर
- ६० व्या वर्षी: शून्याच्या आसपास

४० सेंटिमीटरवरचा कागद वाचायला २.५ डायॉप्टर लागतात. शिवाय असलेल्या क्षमतेपैकी साधारण निम्मीच आपण न थकता वापरू शकतो. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास हात लांब करून वाचायची वेळ येते. हा आजार नाही. केस पांढरे होण्यासारखाच हा वयाचा भाग आहे.

रिफ्रॅक्टिव्ह लेन्स एक्स्चेंज म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, मोतीबिंदू नसताना केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. भिंग अजून नितळ आहे, पण नंबर घालवण्यासाठी ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं. लॅसिकमध्ये लेझरने कॉर्नियाचा आकार बदलतात आणि आतलं भिंग तसंच राहतं. इथे भिंगच बदलतं.

यामागचं तंत्रज्ञान जुनं आहे. कृत्रिम भिंगाचं पहिलं ऑपरेशन हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये केलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसले, तरी डोळ्याने ते सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी फेको तंत्र आणलं. दंतवैद्याच्या दात साफ करायच्या अल्ट्रासाउंड यंत्रावरून त्यांना ती कल्पना सुचली होती. भारतात १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगं बनवायला सुरुवात केली आणि हे ऑपरेशन सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

आज पनवेलमध्येच लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि नवीन पनवेलचं शंकरा आय हॉस्पिटल अशी मोठी नेत्ररुग्णालयं आहेत. रायगडमधल्या कित्येक घरांतल्या आजी-आजोबांचा मोतीबिंदू निघालेला असतो. त्यामुळे "आईचं झालं, माझंही होईल" असं वाटणं साहजिक आहे. पण आजीचं भिंग गढूळ झालेलं होतं, तिला दिसतच नव्हतं. मामांना चष्मा लावून अगदी स्वच्छ दिसतं. ऑपरेशन तेच असलं तरी हिशोब वेगळा आहे.

ऑपरेशन कसं होतं?

१. थेंब टाकून डोळा बधिर करतात.
२. कॉर्नियाच्या कडेला साधारण अडीच मिलिमीटरचा छेद देतात.
३. भिंगाभोवती एक पातळ पिशवी असते. तिला समोरून सुमारे ५ मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात.
४. फेकोची सुई सेकंदाला साधारण ४०,००० वेळा कंप पावते. तिने भिंगाचे तुकडे करून ते शोषून घेतात.
५. घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच पिशवीत सोडतात. ते आत उलगडतं.

एका डोळ्याला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. टाके सहसा लागत नाहीत. दुसरा डोळा बहुतेक वेळा काही दिवसांनी करतात.

भिंगाचा नंबर कसा ठरतो?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा भाग आवडेल. चष्म्याच्या दुकानात काचा बदलून बदलून नंबर काढतात. इथे तशी सोय नाही, आधी मोजमाप घेऊन गणित करावं लागतं. १९८० च्या सुमाराचं एसआरके सूत्र असं आहे:

भिंगाची शक्ती = ए − २.५ × डोळ्याची लांबी − ०.९ × कॉर्नियाची शक्ती

ए हा त्या विशिष्ट भिंगाचा स्थिरांक. समजा ए ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर आणि कॉर्निया ४४ डायॉप्टर आहे. उत्तर येतं २०.०५, म्हणजे २० चं भिंग. आता लांबी चुकून २३.१ मोजली गेली, तर उत्तर २१.०५. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी चूक झाली, पण भिंग एक डायॉप्टरने चुकलं आणि चष्म्याचा साधारण पाऊण नंबर परत आला.

आता यापेक्षा बरीच अचूक सूत्रं वापरतात आणि लांबी प्रकाशकिरणांनी मोजतात. तरी इनपुट चुकलं तर आउटपुटही चुकणारच. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर मोजणीच्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील.
- डोळे कोरडे पडत असतील तर कॉर्नियाचं माप चुकू शकतं. आधी त्यावर उपचार घ्या.
- पूर्वी लॅसिक झालं असेल तर नक्की सांगा आणि जुने कागद सोबत न्या. नेहमीची सूत्रं अशा डोळ्यांना जशीच्या तशी चालत नाहीत.

कुठलं भिंग, आणि त्या बदल्यात काय जातं?

मामांच्या कागदावरची तीन पॅकेजेस म्हणजे मुळात हे प्रकार होते:

मोनोफोकल: एकाच अंतरावर फोकस. सहसा दूरचं स्पष्ट दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. रात्रीची नजर सर्वात स्वच्छ यातच मिळते.

मोनोव्हिजन: भिंगं मोनोफोकलच, पण एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवतात. मेंदूला सवय व्हावी लागते, आणि खोलीचा अंदाज थोडा कमी होतो. चांगली गोष्ट म्हणजे याची ट्रायल आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून घेता येते.

ईडॉफ: फोकसची पट्टी थोडी लांबवलेली. दूरचं आणि कॉम्प्युटरचं चांगलं दिसतं, बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल: भिंगावरच्या सूक्ष्म कड्या प्रकाश वाटून दूर आणि जवळ (ट्रायफोकलमध्ये मधल्या अंतरावरही) एकाच वेळी फोकस करतात. चष्मा सुटायची शक्यता सर्वात जास्त यातच.

यांपैकी कुठलाही प्रकार घेतला, तरी ॲस्टिग्मॅटिझम म्हणजे सिलिंडर नंबर असेल तर त्याचं टॉरिक रूप लागतं.

शेवटच्या प्रकारात "वाटून" हा शब्द महत्त्वाचा आहे. कृत्रिम भिंग प्रकाश निर्माण करत नाही, आलेला प्रकाशच विभागतं. पारंपरिक दोन फोकसच्या डिफ्रॅक्टिव्ह भिंगात साधारण ४१ टक्के प्रकाश दूरसाठी जातो, ४१ टक्के जवळसाठी आणि १८ टक्के वाया जातो. नव्या भिंगांत वाया जाणं कमी झालंय, पण वाटणी आहेच. भर दुपारी याने काही बिघडत नाही. रात्री मात्र जवळच्या फोकसचा प्रकाश दूरच्या चित्रावर धूसर पसरतो. समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि अंधारातली करडी वस्तू करड्या रस्त्यावर उठून दिसत नाही.

आता मामांची रात्र डोळ्यांसमोर आणा. खंडाळ्याचा घाट, पाऊस, समोरून ट्रकचे हेडलाइट, आणि पुढे टेललाइट बंद असलेला कंटेनर. अनेकांना काही महिन्यांत वलयांची सवय होते. काहींना होत नाही. आपण कोणत्या गटात पडणार, हे आधी सांगता येत नाही. त्यातले थोडे लोक शेवटी ते भिंग काढून दुसरं बसवून घेतात, आणि ते दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं.

अनडू नाही

चष्मा काढून ठेवता येतो, पण काढलेलं भिंग परत बसत नाही. ४९ व्या वर्षी मामांकडे अजून थोडा ऑटोफोकस शिल्लक आहे. ऑपरेशननंतर तो शून्य होईल. साठीनंतर हे नुकसान जवळपास नसतंच. म्हणून वय जितकं कमी, तितका हा सौदा महाग.

बाकीचे धोके असे:

- जंतुसंसर्ग. चांगल्या ठिकाणी हजारात एक किंवा त्याहून कमी, पण झाला तर नजर जाऊ शकते.
- दृष्टिपटल सुटणं. मोठा मायनस नंबर, पुरुष आणि कमी वय, अशांना धोका जास्त. मोठ्या मायनसवाल्यांनी रेटिनाची तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.
- मागची पिशवी गढूळ होणं. हे बऱ्याच जणांना होतं. याग लेझरने काही मिनिटांत साफ करतात.

मग कुणी विचार करावा?

वय पन्नाशीपुढे, मोठा प्लस नंबर, आणि भिंग गढूळ व्हायला सुरुवात, अशांसाठी हिशोब बराच अनुकूल असतो. मोठ्या प्लस नंबरच्या डोळ्यात पुढची जागा अरुंद असते आणि त्यातून काचबिंदूचा एक प्रकार होऊ शकतो. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ईगल चाचणीत असा काचबिंदू असलेल्या ५० वर्षांपुढच्या रुग्णांमध्ये नितळ भिंग काढणं हे लेझरने सुरुवात करण्यापेक्षा सरस ठरलं. म्हणजे नितळ भिंग काढायला कधी कधी वैद्यकीय कारणही असतं. नुसता वाचायचा चष्मा नको, हे मात्र सोयीचं कारण आहे. ते चुकीचं नाही, पण सोय म्हणूनच त्याची किंमत करावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विमा मिळतो का? आयआरडीएआयच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळता येतो, आणि पॉलिसीत तो बहुतेक वगळलेला असतो. मोतीबिंदू कव्हर होतो, पण बऱ्याच पॉलिसीत त्यालाही प्रतीक्षाकाळ असतो. "कागदावर मोतीबिंदू लिहू" असं कोणी सुचवलं तर सरळ नकार द्या. तो खोटा क्लेम होतो, आणि सही तुमची असते.

नंतर मोतीबिंदू होतो का? नाही. ज्या भिंगात तो होतो तेच काढलेलं असतं.

कृत्रिम भिंग किती वर्षं टिकतं? सहसा आयुष्यभर.

चष्मा शंभर टक्के सुटतो का? तशी खात्री कोणी देत असेल तर सावध व्हा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझं भिंग आज नितळ आहे की गढूळ व्हायला लागलंय?
२. माझा रेटिना आणि डोळ्याचा दाब कसा आहे?
३. माझा दिवस कुठल्या अंतरावर जातो? फोन, स्क्रीन की रस्ता?
४. मी रात्री गाडी चालवतो. अशा माणसाला तुम्ही हेच भिंग द्याल का?
५. नंबर चुकला किंवा वलयं सहन झाली नाहीत तर पुढे काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा?

ही यादी घेऊन मामा दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. भिंग पूर्ण नितळ निघालं. चौथ्या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, "रात्री चालवणं सोडणार असाल तर बोलू." मामा सोडणार नाहीत. सध्या त्यांनी प्रोग्रेसिव्ह चष्मा केलाय. पहिले चार दिवस जिना उतरताना शिव्या घातल्या, आता जमतंय. पॅकेजचा कागद अजून कपाटात आहे. आणखी काही वर्षांनी भिंग खरंच गढूळ झालं की तो पुन्हा काढू. तेव्हा भिंगंही सुधारलेली असतील, आणि गमावण्यासारखा ऑटोफोकसही फारसा उरलेला नसेल.