तिकीट नसलेल्या मैफलीचा डफ

लाकडी किंवा लोखंडी कड्यावर एका बाजूने ताणलेलं कातडं, एवढाच डफ. पण भर चौकात, तिकीट न लावता माणसं गोळा करायची, तर शाहिराला याहून भरवशाचा सोबती मिळालेला नाही.

या जातीची वाद्यं फार जुनी. इजिप्तमधल्या थीब्जच्या थडग्यांत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. त्यांत बायका चौकोनी डफ वाजवताना दिसतात. अरबांच्या लग्नकार्यांत डफ रुजला. उत्तर आफ्रिकेत त्याचंच भावंड बेंदीर. त्याच्या कातड्याखाली तातीच्या तारा ताणलेल्या असतात, म्हणून प्रत्येक थापेमागे घरघर उठते. मोरोक्कोत माराकेशच्या जमा अल-फना चौकात वादक आणि कथेकरी आजही श्रोत्यांच्या रिंगणात उभे राहतात. या चौकाच्या मौखिक परंपरेचा युनेस्कोने २००१ साली गौरव केला.

कोकणाला अरबी जग परकं नव्हतं. बगदादचा प्रवासी अल-मसुदी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला आला, तेव्हा तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. १३४७ मध्ये बहामनी सत्ता उभी राहिली आणि देशावरही फारसी-अरबी वळण मुरलं. डफ हे अरबी नाव मराठी झालं, आणि पुढे शाहिरांनी हे वाद्य आपलंसं केलं. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला. पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ हे शाहीर गाजले. डफ-तुणतुण्याच्या साथीने कलगीवाले आणि तुरेवाले या दोन पंथांचे शाहीर सवाल-जवाबात रात्री जागवू लागले.

हा डफ मुंबईच्या कामगारवस्तीत आला तो पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसांबरोबर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारलं. अण्णाभाऊंचं बिऱ्हाड घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानं पेटवली. पैसे मोजून नाट्यगृहात जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यापर्यंत राजकारण, इतिहास आणि काव्य असं दारात पोहोचलं.

आंबेडकरी जलशांनी हीच वाट वस्त्यावस्त्यांत नेली. त्या परंपरेतले मुलुंडचे शाहीर विलास घोगरे. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला, आणि चार दिवसांनी घोगऱ्यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट त्यांच्या मृत्यूपासून सुरू होतो.

पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं. निखाऱ्यावर शेकलं की पुन्हा बोलू लागतं. त्याला वीज लागत नाही, रंगमंच लागत नाही. मात्र माणसांना विनामूल्य, परवान्याच्या भीतीशिवाय एकत्र उभं राहता येईल अशी जागा लागते. उपनगरांत नेमकी तीच आटते आहे. डफ जपायचा असेल, तर आधी मैदान जपायला हवं.