लंडनच्या पाण्यात फेस का येत नाही?

अभ्यंगस्नानासाठी भारतातून आणलेली साबणाची वडी तुम्ही लंडनच्या पाण्यात वापरून पाहिली असेल, तर फेस कमी आणि टबाच्या कडेला करडा साका जास्त, हा अनुभव तुम्हाला नवा नाही. दोष वडीचा नाही. इथलं बरंचसं पाणी चुनखडीतून झिरपून येतं. तुमच्या किटलीत जे पांढरं कीट धरतं, तेच साबणालाही आडवं येतं.

तेल किंवा चरबी राखेतल्या क्षाराबरोबर शिजवली की साबण होतो, हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. आत नेमकं काय घडतं, ते मात्र मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1811 पासून खपून शोधलं आणि 1823 मध्ये ग्रंथरूपाने मांडलं. (हे गृहस्थ पुढे 102 वर्षं जगले!) तेलाच्या रेणूत तीन मेदाम्लं ग्लिसरीनला बांधलेली असतात. कॉस्टिक सोडा ती गाठ सोडवतो. ग्लिसरीन सुटं होतं आणि मेदाम्लाला सोडियम जोडला जाऊन साबण बनतो.

या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपटी असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. शेपट्या तेलकट मळात रुततात, डोकी पाण्याकडे राहतात आणि मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. जड पाण्यात मात्र कॅल्शियम येऊन सोडियमची जागा बळकावतो. हा कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. तुमच्या टबातला साका तो हाच. त्यामुळे वडीचा काही भाग आधी पाणी मऊ करण्यातच खर्च होतो.

ज्या देशात असं पाणी, तिथे 1712 पासून साबणावर कर होता! गरिबाच्या स्वच्छतेवरचा तो करच म्हणायचा. 1853 मध्ये ग्लॅडस्टन यांनी तो रद्द केला. मग 1884 मध्ये विल्यम लिव्हर यांनी ‘सनलाइट’ बाजारात आणला. त्यात वनस्पती तेलांचं प्रमाण मोठं असल्याने फेस चांगला होई. 1888 मध्ये लिव्हरपूलजवळ कामगारांसाठी पोर्ट सनलाइट हे गाव वसू लागलं आणि त्याच वर्षी सनलाइटची खोकी कलकत्ता बंदरात उतरली.

पोर्ट सनलाइट देखणं आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण त्यांना दुसरी बाजूही सांगा. पाम तेलासाठी लिव्हर यांनी 1911 मध्ये बेल्जियन काँगोत प्रचंड जमिनीचे हक्क मिळवले. तिथे फळं उतरवायला माणसं सक्तीने जुंपली जात. इकडे कामगारांना बागा आणि कलादालन, तिकडे वेठबिगारी. हिशोब एकाच साबणाचा होता.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीशिवाय साबण काढला. कुलपांच्या या कारखानदाराने नाव दिलं ‘चावी’! हा जगातला पहिला वनस्पतिजन्य साबण असं कधीकधी सांगितलं जातं, ते काही खरं नाही. अलेप्पो आणि मार्सेलला ऑलिव्ह तेलाचा साबण शतकानुशतकं होत आला आहे. पण चरबीचा साबण अंगाला लावायला कचरणाऱ्या घरांना चावीने मोठा दिलासा दिला, यात शंका नाही.

जड पाण्यावर उपाय सापडला तो मात्र टंचाईतून. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कोळशापासून मिळणाऱ्या रसायनांतून साबणाला पर्याय शोधला. अशा पदार्थांना डिटर्जंट म्हणतात. पुढच्या बहुतेक डिटर्जंटच्या डोक्याशी गंधकाचा गट असतो, त्यामुळे कॅल्शियम भेटला तरी सहसा साका धरत नाही. अमेरिकेत 1946 मध्ये ‘टाइड’ आला आणि कपड्यांचा साबण मागे पडू लागला.

मग वेगळंच संकट आलं. 1950 च्या दशकात इंग्लंड-जर्मनीच्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. त्या डिटर्जंटच्या शेपटीला फाटे होते आणि जिवाणूंना ती सहजासहजी पचत नव्हती. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांनी सरळ शेपटीचा रेणू स्वीकारला, तो जिवाणू खाऊन टाकतात. आज तुमच्या वॉशिंग पावडरच्या खोक्यावर ‘अ‍ॅनायोनिक सर्फॅक्टंट्स’ असे शब्द दिसतात ना, त्यात बहुधा हाच सरळ शेपटीचा रेणू असतो.