तळटीप : चिरुंडूचा नाका

१७. चिरुंडू : झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरचा, झांबेझी नदीकाठचा नाका. डर्बन बंदरातून झांबियाच्या तांबेपट्ट्याकडे निघालेले कितीतरी ट्रक इथेच नदी ओलांडतात. पूर्वी प्रत्येक ट्रकचे कागद दोनदा तपासले जात, एकदा निघत्या देशात आणि पुन्हा पुलापलीकडे. ड्रायव्हरचे दिवसच्या दिवस रांगेत जात. डिसेंबर २००९ पासून दोन्ही देशांचे कस्टम अधिकारी एकाच आवारात बसू लागले. उत्तरेकडे जाणारा ट्रक आता फक्त झांबियाच्या बाजूला थांबतो, दक्षिणेकडे जाणारा झिंबाब्वेच्या. जागतिक व्यापार संघटनेने २००५ च्या हाँगकाँग परिषदेत पुढे आणलेल्या ‘व्यापारासाठी साहाय्य’ या कल्पनेचा दाखला म्हणून चिरुंडूचे नाव हमखास घेतले जाते. मूळ लेखकाने मात्र सगळे श्रेय देणगीदारांच्या पदरात टाकले आहे, ते पटण्यासारखे नाही. नवा पूल जपानी अनुदानातून झाला, हे खरे. पण झिंबाब्वेच्या अधिकाऱ्याला झांबियाच्या भूमीवर बसून आपल्या देशाचा कायदा चालवता यावा, यासाठी दोन्ही संसदांना स्वतंत्र कायदे करावे लागले. ते काम कोणत्याही अनुदानात बसणारे नव्हते. अपुऱ्या कागदांचा ट्रक अर्थात आजही अडकतोच. – संपा.