लहान मूल आणि मोठ्यांची कवायत

शाळेंतील व्यायामाचा तास म्हटला कीं माझ्या डोळ्यांपुढें अजून तीच रांग उभी राहते. ऊन चढत आहे, शिट्टी वाजते आहे, आणि पहिल्या इयत्तेंतील पोरानें व सातवींतल्या थोराड मुलानें एकाच हुकुमासरशी एकच हात तितकाच वर करावयाचा आहे. हुकूम सुटला कीं शेजाऱ्याकडे पाहून हात हलवावयाचा, एवढें शास्त्र आम्हांस उत्तम साधलें होतें!

ही रांग आपल्या शाळांत आली इंग्रजी अमदानींत. तिचें माहेर इंग्लंड, आणि आज मला सांगावयाची आहे ती त्या माहेरचीच हकीकत. सहा वर्षांचें मूल म्हणजे लहान मापाचा शिपाई नव्हे, ही साधी गोष्ट सरकारी कागदावर नीट उतरावयास तेथें साठ वर्षें लागलीं.

१८७० च्या कायद्यानें इंग्लंडमधील गोरगरिबांच्या मुलांकरितां शाळा निघाल्या, आणि पुढच्याच वर्षीं कवायतीला त्यांत जागा मिळाली: मुलग्यांपुरती, आठवड्यास फार तर २ तास, वर्षांतून २० आठवडे. शिकविणारा पलटणींतला सार्जंट. त्याला दिवसाचे ६ पेन्स व चालत येण्याबद्दल दर मैलास १ पेनी मिळे. या स्वस्ताईंतच सारें मर्म आहे. वर्गांत मुलें कोंबलेलीं. त्यांना गप्प उभें करील असा मनुष्य हवा होता, तो मिळाला. शरीराचा विचार मागाहूनचा.

मुलींच्या वांट्यास हा सार्जंट आला नाहीं, हें त्यांचें भाग्यच म्हणावयाचें. लंडनच्या स्कूल बोर्डानें १८८१ सालीं मार्टिना बर्गमन या स्वीडिश बाईंना मुलींच्या व अगदीं लहान मुलांच्या व्यायामावर नेमलें. पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें काढलेल्या संस्थेची ती परंपरा. शरीराची रचना शिकून मगच हुकूम द्यावयास उभें राहावयाचें, ही तिची शिस्त. बाईंनीं पुढें १८८५ सालीं लंडनमध्यें शिक्षिकांकरितां स्वतःचें विद्यालय काढलें.

मुलग्यांकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तें गेलें युद्धामुळें. १८९९ सालीं बोअर युद्ध पेटलें, आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरांतून भरतीस आलेल्या तरुणांपैकीं निम्म्याहून अधिकांना परत पाठवावें लागलें. साम्राज्याचा पाया खचला अशी एकच हाकाटी झाली. सरकारला उपाय सुचला तो असा: युद्धखात्याच्या सल्ल्यानें १९०२ सालीं शिक्षणखात्यानें व्यायामाचा एक ‘आदर्श पाठ्यक्रम’ काढला. त्यामागें कर्नल फॉक्स यांचा हात होता. हे गृहस्थ पूर्वीं लष्करी व्यायामशाळांचे निरीक्षक होते. शिपायांना जें मानवलें तें मुलांना मानवेल, असा एकंदर हिशेब. मुलाचें वय काय, आणि तो मुलगा कीं मुलगी, याची त्या पुस्तकांत दखलच नव्हती.

ओरड झाली, आणि ती योग्य होती. ६-७ वर्षांच्या मुलाचीं हाडें अजून पुरतीं घट्ट झालेलीं नसतात. तें थोडें धांवतें, थांबतें, पुन्हा धांवतें. दम लागला कीं आपण होऊन खालीं बसतें. त्यास हात ताणून निश्चळ उभें करणें हा व्यायाम नव्हे, ती शिक्षा होय. १२-१३ वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याची उंची झपाट्यानें वाढत असते, हातापायांचा अंदाज चुकतो, आणि त्यास क्रमाक्रमानें अवघड होत जाणारें काम आवडतें. या दोघांना एका रांगेंत उभें करून दोघांचेंही नुकसान होतें. दोन वर्षांतच १९०२ चें पुस्तक बाजूस ठेवावें लागलें आणि १९०४ सालीं नवें आलें.

त्याच सालीं राष्ट्राच्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल बाहेर पडला. मला तर या सबंध इतिहासांतील तेंच खरें महत्त्वाचें पान वाटतें, कारण त्यांत कवायतीइतकाच विचार पोटाचा होता. शाळेंत येणारीं कितीतरी मुलें उपाशी असत. उपाशी पोटीं छाती पुढें काढून काय व्हावयाचें? १९०६ च्या कायद्यानें शाळेंत जेवण देण्याची मुभा मिळाली, १९०७ च्या कायद्यानें विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी आली, आणि डॉ. जॉर्ज न्यूमन शिक्षणखात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. व्यायामाचा विषय त्यांच्या विभागाकडे गेला. पलटणींतून तो डॉक्टराच्या हातीं आला म्हणा ना!

पुढची वाटचाल फारशी लांबवीत नाहीं. १९०९ चा पाठ्यक्रम स्वीडिश पद्धतीचा. १९१९ च्या पाठ्यक्रमांत ७ वर्षांखालील मुलांना निराळा विभाग मिळाला, व त्यांत प्राधान्य खेळांना. १९३३ च्या पुस्तकाचे तर सरळ दोन भागच पडले: एक ११ वर्षांखालील मुलांचा, दुसरा त्याहून मोठ्यांचा. या मालिकेंतील तें शेवटचें पुस्तक.

मग दुसरें महायुद्ध आलें. कमांडो सैनिकांच्या तयारीकरितां अडथळ्यांचीं मैदानें उभारलीं गेलीं. दोरखंड, शिड्या, चढावयाचीं जाळीं. युद्धानंतर त्याच धर्तीचीं साधनें प्राथमिक शाळांत आलीं. म्हणजे पलटण पुन्हा शाळेंत शिरलीच, पण या खेपेस सार्जंट फाटकाबाहेर राहिला. शिक्षणमंत्रालयानें १९५२ सालीं नवें पुस्तक काढलें, तें हालचाल व वाढ या विषयावर. मुलाला जाळें दाखवावयाचें, आणि तें कोठून चढतें, किती वर जातें, तें पाहात बाईंनीं खालीं उभें राहावयाचें.