वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते का?

रुग्णालय चालवणारी वरची मंडळी एकत्र नीट काम करतात की नाही, हे ओळखायचं कशावरून? आपण सहसा बघतो ते एवढंच, की त्यांचं आपसांत पटतं का, बैठका शांतपणे पार पडतात का. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा अलीकडचा इतिहास आपल्याला वेगळी कसोटी देतो.

ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत तान्ह्या मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत असत. 1988 मध्ये स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ तिथे रुजू झाले. शस्त्रक्रिया फार लांबतात, मुलं जास्त दगावतात, असं त्यांना दिसू लागलं. 1990 मध्ये त्यांनी, पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झालेल्या जॉन रॉयलन्स यांना पत्र लिहिलं. पुढे आकडेही जमवले. पण काही हालायला 1995 उजाडावं लागलं.

मधल्या वर्षांत अडलं कुठे? शल्यविशारदांपैकी एक, जेम्स विशार्ट, हेच वैद्यकीय संचालक झाले होते. म्हणजे तक्रार ज्यांच्या कामाबद्दल, तिची दखल घेणारेही तेच! रॉयलन्स स्वतः डॉक्टर होते, पण उपचारांची गुणवत्ता हा त्या त्या डॉक्टरांचा विषय मानत. हृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत, शस्त्रक्रिया दुसऱ्या इमारतीत. आणि बाहेरच्या यंत्रणांपैकी प्रत्येकीला वाटे, लक्ष ठेवणं हे दुसरीचं काम.

इयान केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल 2001 च्या जुलैत आला. 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं, इतर केंद्रांच्या मानानं, जास्त दगावली होती. अहवालानं कुणाला दुष्ट ठरवलं नाही. माणसं कष्टाळू होती, कळकळीची होती. पण सत्ता मोजक्यांच्या हाती होती, आणि आतल्या गोटात नसलेल्याचा शब्द तिथवर पोहोचत नव्हता.

इथे आपण सलोखा आणि सहकार्य यांत फरक केला पाहिजे. सलोख्यात अप्रिय प्रश्न टाळला जातो. सहकार्यात तो विचारता येतो, आणि विचारणाऱ्याचं नुकसान होत नाही. म्हणून नेतृत्वाचं मूल्यमापन करताना फक्त संचालकांनाच प्रश्नावली देऊन भागत नाही. वॉर्डातल्या परिचारिकेला विचारावं: तुम्ही शेवटची वाईट बातमी कोणाला सांगितलीत, आणि त्यानंतर काय बदललं? ब्रिस्टलमध्ये हा प्रश्न 1990 मध्येच कुणी विचारला असता, तर त्यांतली काही मुलं आज तिशी ओलांडून गेली असती.