नावे उच्चारणारा आवाज

रविवारची सकाळ, आठचा सुमार. सान साल्वादोर शहरातील कॅथेड्रलमध्ये मिस्सा सुरू झालेली आहे. बाहेर गल्लीबोळांत उघड्या खिडक्यांतून, दुकानांच्या फळ्यांवरून, कॉफीच्या मळ्यांतील झोपड्यांतून एकच आवाज ऐकू येतो आहे. रस्त्याने चालत जाणाऱ्याचा प्रवचनातील एक शब्दही चुकत नसे, इतके ट्रान्झिस्टर त्या वेळी सुरू असत, अशी आठवण तेथील माणसे सांगत आली आहेत. हा आवाज होता आर्चबिशप ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो यांचा. काळ होता १९७७ ते १९८० ही जेमतेम तीन वर्षे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढा. कॉफीची उत्तम जमीन मूठभर घराण्यांच्या हाती आणि ती कसणारे बहुसंख्य लोक भूमिहीन. मजुरी वाढवून मागणे किंवा संघटना बांधणे म्हणजे देशद्रोह ठरे. वर्तमानपत्रे धनिकांची होती आणि खेड्यांतील कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. अशा समाजात रेडिओ हेच गरिबांचे वर्तमानपत्र होते. लॅटिन अमेरिकेतील ख्रिस्तसभेने रेडिओचे हे सामर्थ्य फार पूर्वी ओळखले होते. कोलंबियातील सुतातेन्सा या डोंगरी गावात फादर होसे होआकिन साल्सेदो यांनी १९४७ साली एक छोटेसे केंद्र उभारले आणि त्याद्वारे शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवले. सान साल्वादोरच्या धर्मप्रांताचेही स्वतःचे केंद्र होते. वायएसएएक्स हे त्याचे नाव.

रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी स्यूदाद बारिओस या गावी झाला. ते वृत्तीने भिडस्त, अभ्यासू आणि परंपरेला धरून चालणारे. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची आर्चबिशपपदी नेमणूक झाली, तेव्हा सत्ताधाऱ्यांना हायसे वाटले आणि गरिबांमध्ये काम करणारे अनेक धर्मगुरू खिन्न झाले. परंतु पुढच्याच महिन्यात १२ मार्च रोजी त्यांचे स्नेही, येशूसंघीय फादर रुतिलिओ ग्रांदे यांची एल पाइस्नाल गावी मिस्सा अर्पण करायला जात असता वाटेतच गोळ्या घालून हत्या झाली. सोबतचे वृद्ध मानुएल सोलोर्सानो आणि किशोरवयीन नेल्सन रुतिलिओ लेमुस हेही मारले गेले. रोमेरो त्या रात्री तीन शवांपुढे उभे राहिले. पुढल्या रविवारी, २० मार्चला, त्यांनी सर्व धर्मग्रामांतील मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा अर्पण केली. चौकात अफाट जनसमुदाय लोटला आणि जे येऊ शकले नाहीत, त्यांच्यापर्यंत ती रेडिओने पोहोचवली.

त्यानंतर त्यांच्या रविवारच्या प्रवचनाला एक ठरावीक घडण आली. आधी त्या दिवसाच्या शास्त्रपाठांचे सविस्तर विवरण असे, कधी कधी तासभर चालणारे. मग धर्मप्रांताच्या कौटुंबिक वार्ता: कुठे दृढीकरण झाले, कुठला सण साजरा झाला. आणि शेवटी सरत्या आठवड्याचा लेखाजोखा. अमुक गावचा अमुक शेतकरी, अमुक तारखेला सैनिकांनी घरातून उचलून नेला. अमुक शिक्षकाचे प्रेत रस्त्याच्या कडेला सापडले. नाव, गाव, दिवस.

ही नावे ऐकीव नसत. धर्मप्रांताच्या छत्राखाली कायदेविषयक साहाय्य देणारे एक कार्यालय होते. बेपत्ता मुलांच्या माता तेथे येत, तरुण वकील जबान्या नोंदवीत आणि माहिती पडताळून पाहत. रोमेरो यांची तराजूही एकांगी नव्हती. मे १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री माउरिसिओ बोर्गोनोव्हो यांची डाव्या बंडखोरांनी हत्या केली, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा रोमेरो यांनीच अर्पण केली आणि त्या हिंसेचाही निषेध केला.

प्रश्न पडतो, नावे वाचल्याने असे काय होते? ज्या मातेला पोलीसचौकीत ‘असा कोणी माणूस येथे आणलाच नाही’ असे सांगितले जाई, तिच्या मुलाचे नाव कॅथेड्रलच्या वेदीजवळून साऱ्या देशाला ऐकू जाई. माणसाला नाहीसे करणाऱ्या राजवटीला त्याचे नावही नाहीसे व्हावे असे वाटत असते. रोमेरो ते होऊ देत नव्हते.

म्हणूनच या केंद्राच्या प्रक्षेपणात व्यत्यय आणला जाई. १७ फेब्रुवारी १९८० रोजी रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहिलेले पत्र प्रवचनात वाचून दाखवले. साल्वादोरच्या लष्कराला मदत देऊ नये, अशी त्यात विनंती होती. त्याच सप्ताहात केंद्राची प्रक्षेपणयंत्रणा बॉम्बने उडवण्यात आली. तेव्हा कॉस्टा रिकातील एका लघुलहरी केंद्राने दूरध्वनीवरून येणारे त्यांचे प्रवचन प्रसारित केले. २३ मार्चला वायएसएएक्स पुन्हा सुरू झाले. त्या उपवासकाळातील रविवारी रोमेरो थेट सैनिकांशीच बोलले. ज्यांना तुम्ही मारता, ते तुमचेच शेतकरी बांधव आहेत. देवाच्या आज्ञेविरुद्ध दिलेला हुकूम पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. देवाच्या नावाने हा छळ थांबवा, असे त्यांनी विनवले.

दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला सायंकाळी, कर्करुग्णांच्या ज्या इस्पितळाच्या आवारात ते राहत, तेथील चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करीत असताना एका गोळीने त्यांचा वेध घेतला. प्रवचन नुकतेच संपले होते. ३० मार्च रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्यांच्या अंत्यविधीसाठी जमलेल्या जनसमुदायातही बॉम्ब फुटले, गोळ्या सुटल्या आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. पुढे बारा वर्षे चाललेल्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे प्राणास मुकली.

१९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने या हत्येचा आदेश माजी मेजर रोबेर्तो दोब्युइसाँ यांनी दिल्याचा निष्कर्ष काढला. परंतु ते वर्षभरापूर्वीच मरण पावले होते आणि अहवालानंतर अवघ्या पाच दिवसांत देशाच्या विधिमंडळाने सर्वांना माफी देणारा कायदा संमत केला. तो कायदा घटनाबाह्य ठरायला २०१६ साल उजाडले. न्यायाच्या आधी सन्मान आला. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये २४ मार्च हा दिवस सत्य जाणण्याच्या हक्कासाठी वाहिला. पोप फ्रान्सिस यांनी १४ ऑक्टोबर २०१८ रोजी रोमेरो यांना संत घोषित केले, तेव्हा त्यांच्या कमरेला रोमेरो यांचा रक्ताने डागाळलेला कमरपट्टा होता. फादर रुतिलिओ आणि त्यांचे दोन सोबती २२ जानेवारी २०२२ रोजी धन्यवादित घोषित झाले.

रोमेरो यांची प्रवचने ध्वनिफितींवर उरली आहेत. मार्च १९७८ पासून ते आपली दैनंदिनीही लिहीत नसत, तर ध्वनिमुद्रकासमोर बोलत. आज अमेरिका खंडातील मानवी हक्कांची कथा पॉडकास्टमधून घरोघरी ऐकली जाते. यंत्रे पालटली, पण त्या कामाचा कस पालटलेला नाही: नाव खरे असावे, पडताळलेले असावे आणि ते उच्चारणाऱ्याने त्याची किंमत मोजायची तयारी ठेवावी.

आपणही दर रविवारी वेदीपुढे मृतांची नावे घेतो. सान साल्वादोरच्या त्या वेदीवर नाव घेणे हीच साक्ष ठरली, आणि मूळ ग्रीक भाषेत साक्षीदार आणि हुतात्मा यांना शब्द एकच आहे.